खिडक्यांची काळजी घेणाऱ्या टँपाच्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

वादळाआधी आमच्या घराची तयारी करून दिलीत, त्याबद्दल समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे लिहून कळवतेय. सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय, कारण फ्लोरिडात नव्याने घर घेतलेल्या मराठी मंडळींनाही याचा उपयोग व्हावा.

2024 च्या मे महिन्यात तुम्ही स्वतःहून आलात. हरिकेन वादळांचा सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर, आणि टीव्हीवर वादळाचा नकाशा दिसला की दुकानातलं प्लायवूड संपलंच समजा, असं म्हणत आधीच्या मालकाने गॅरेजमध्ये रचून ठेवलेली, वादळात खिडक्या झाकायची ॲल्युमिनियमची पॅनेलं बाहेर काढायला लावलीत. एकेक पॅनेल खिडकीला लावून पाहिलंत आणि मागे मार्करने मराठीत लिहिलंत, 'स्वयंपाकघर, डावीकडचं', 'मुलांची खोली, मधलं'. पॅनेलं बसवायचे भिंतीतले सैल अँकर बदललेत. नट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून बरणी पॅनेलांशेजारीच ठेवायला सांगितलीत. बाथरूमच्या खिडकीला पॅनेल नव्हतं, तिथे पाच-अष्टमांश इंची प्लायवूड मापाने कापून, भोकं पाडून तयार ठेवलंत.

हात चालू असताना तुम्ही बोलत होतात, ते मला त्या कामाइतकंच मोलाचं वाटतं. 24 ऑगस्ट 1992 ला अँड्र्यू वादळ आलं तेव्हा तुम्ही मायामीच्या दक्षिणेला राहत होतात. खिडकी फुटली की वारा आत शिरतो आणि छताला आतून वर ढकलतो, बाहेरचा वारा तेच छत वर खेचत असतो, आणि मग छप्पर जातं, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणूनच काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारण्यात वेळ घालवू नका, दाब कमी करायला खिडकी किलकिली ठेवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका आणि गॅरेजचं मोठं दार विसरू नका, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत. आमच्या दाराला आतून आडव्या पट्ट्या बसवून घेतल्या त्या तुमच्यामुळेच.

2024 च्याच सप्टेंबरअखेर हेलीन वादळ लांबून गेलं, तरी टँपा बे या खाडीचं पाणी कितीतरी घरांत शिरलं. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत आणि सरकारी पूरविमा घेतला तरी तो सहसा 30 दिवसांनी लागू होतो, हे मेमध्येच सांगून ठेवल्याबद्दल तुमचे वेगळे आभार. मग 9 ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन वादळ. सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं छत वाऱ्याने फाडलं. आमचं घर इव्हॅक्युएशन झोनमध्ये, म्हणजे वादळाआधी रिकामा करायला सांगतात त्या भागात, नाही, त्यामुळे आम्ही घरातच थांबलो. पॅनेलं बरणीतल्या नटांनी आदल्या दिवशीच पटापट लागली होती. रात्रभर काहीबाही येऊन त्यांवर आदळत होतं. सकाळी दोन पॅनेलांना पोचे, काच मात्र एकही तडकली नव्हती.

आई तेव्हा श्रीवर्धनहून आलेली होती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात तिच्या घरावरची कौलं उडाली होती, त्यामुळे वाऱ्याचा आवाज वाढला की तिचा चेहरा उतरायचा. तुम्ही फोनवर तिच्याशी अर्धा तास कोकणातल्या फणसांबद्दल बोलत बसलात. तुमचं स्वतःचं घर मिल्टनच्या जास्त जवळ होतं, तरीही. हे मी कधीच विसरणार नाही.

माणशी रोजचं एक गॅलन पाणी, औषधं, कागदपत्रांची वॉटरप्रूफ पिशवी, घरापासून किमान 20 फूट लांब आणि नेहमी बाहेरच ठेवायचा जनरेटर, हे सगळं आता आमच्या अंगवळणी पडलंय. 'माय सेफ फ्लोरिडा होम' या राज्य सरकारच्या योजनेतून घराची तपासणी करून घ्यायचंही ठरवलंय. हळूहळू इम्पॅक्ट ग्लासच्या, म्हणजे वादळातला मार सोसणाऱ्या काचेच्या खिडक्या बसवायच्या आहेत.

आमच्या रस्त्यावर नागपूरचं एक कुटुंब नुकतंच राहायला आलंय. या मे महिन्यात आम्ही दोघं ड्रिल आणि मार्कर घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत. काही अडलं तर तुम्हालाच फोन करू. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
शेजारीण