‘फॅक्टरी कॅलिब्रेटेड’ मॉनिटरच्या एसआरजीबी मोडबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : खोक्यावर छापलेला दावा आणि प्रत्यक्ष मोजणी यांतील तफावत, मॉनिटर बदलून मिळणेबाबत.

महोदय,

सदाशिव पेठेतील आमच्या फोटो एडिटिंगच्या वर्गासाठी आपल्या कंपनीचा २७ इंची मॉनिटर घेतला, तो खोक्यावरचे ‘फॅक्टरी कॅलिब्रेटेड’ आणि ‘एसआरजीबी मोडमध्ये डेल्टा ई २ पेक्षा कमी’ हे दोन दावे वाचून. पहिल्याचा अर्थ रंग कारखान्यातच मोजून जुळवलेले. एसआरजीबी म्हणजे वेब आणि बहुतेक साध्या फोटोंसाठीचा प्रमाण रंगसंच, आणि डेल्टा ई म्हणजे दिसणारा रंग खऱ्या रंगापासून किती ढळला याचे माप, जितके कमी तितके चांगले. दोन्ही दावे मोजणीत टिकलेले नाहीत. बिलाची प्रत आणि मोजणीचे अहवाल सोबत जोडले आहेत.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर दोष आमच्या कलरीमीटरवर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणाऱ्या यंत्रावर, ढकलला, म्हणून मोजणीची पद्धत आधी देतो. मॉनिटर अर्धा तास तापू दिला. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि विंडोजचा नाइट लाइट बंद ठेवला. एचडीएमआयची रेंज १६–२३५ नव्हे, पूर्ण ०–२५५ ठेवली. कलरीमीटर ‘डिस्प्लेकॅल’ या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरमधून चालवला आणि वाइड गॅमट (एसआरजीबीपेक्षा जास्त गडद रंग दाखवणाऱ्या) एलईडी बॅकलाइटची करेक्शन फाइल निवडली, ती न लावता घेतलेल्या मापावर आम्हीही भरवसा ठेवला नसता.

एसआरजीबी मोडमध्ये पांढरा रंग ६५०० केल्विनऐवजी ७२०० च्या आसपास आला आणि डेल्टा ई सरासरी ४.१. ब्राइटनेस दर चौरस मीटरला २३८ कॅन्डेला, आणि या मोडमध्ये ती कमी करण्याची सोयच नाही, मेनूतली पट्टी लॉक आहे. प्रिंटसाठी काम करताना ८० ते १२० कॅन्डेला लागतात.

याचा फटका शिकणाऱ्याला बसतो. लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या कॅटलॉगसाठी पैठणीचा फोटो एडिट करायचा आहे असे धरा. स्क्रीन जास्त उजळ, म्हणून तो एक्स्पोजर खाली ओढतो. पांढरा निळसर, म्हणून टेम्परेचर पिवळ्याकडे सरकवतो. प्रिंट हातात येते तेव्हा जांभळ्या अंगातल्या बुट्ट्या काळोखात बुजलेल्या असतात आणि चंदेरी जर सोनेरी दिसते. मग तो प्रिंट लॅबला दोष देतो किंवा स्वतःची नजर कच्ची समजतो. नजर तयार होण्याच्या काळात हे होणे फार वाईट आहे.

‘ब्राइटनेस ग्राफिक्स कार्डातून कमी करा’ हा आपल्या प्रतिनिधींचा सल्ला चुकीचा आहे. त्याने बॅकलाइट तसाच राहतो, फक्त सिग्नल कापला जातो. गॅमा (सिग्नल आणि उजेड यांचे नाते ठरवणारा आकडा) २.२ धरून २३८ वरून १०० कॅन्डेलावर यायचे तर पांढऱ्याचा सिग्नल २५५ वरून सुमारे १७२ वर आणावा लागतो. जवळपास एक तृतीयांश पायऱ्या जातात, आकाशाच्या ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसतात. काळा मात्र आहे तितकाच उजळ राहतो, म्हणून पांढऱ्या-काळ्यातला १००० : १ चा कॉन्ट्रास्ट ४२० : १ वर येतो.

यूजर मोडमध्ये ब्राइटनेस १०० वर येते आणि आरजीबी गेन फिरवून पांढराही बसतो. सध्या वर्ग त्यावरच चालतो. पण तिथे पॅनल पूर्ण वाइड गॅमटवर असते. लाइटरूम आणि फोटोशॉप आयसीसी प्रोफाइल (मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल) वाचतात, म्हणून त्यांत रंग बरोबर दिसतो. जो प्रोग्रॅम प्रोफाइल वाचत नाही, त्यात तोच कुंकवाचा लाल भडक होतो. नवशिक्याने खरा कोणता मानायचा? एसआरजीबी मोड हवा असतो तो नेमका यासाठी.

शिवाय उजवा खालचा कोपरा मध्यभागापेक्षा १८ टक्के मंद आणि गुलाबीसर आहे. प्रोफाइल अख्ख्या स्क्रीनला एकच लागते, त्यामुळे हा दोष कॅलिब्रेशनने जात नाही.

आमची मागणी अशी : मॉनिटर बदलून द्यावा आणि नव्या मॉनिटरसोबत त्याच्याच सीरियल नंबरचा कॅलिब्रेशन अहवाल द्यावा. एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस बदलता येईल असा फर्मवेअर अपडेट काढावा. हे शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी आणि खोक्यावरचा दावा काढून टाकावा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

तपासणीसाठी तंत्रज्ञ पाठवणार असाल तर त्यांच्यासोबत कलरीमीटर असावा. नुसत्या डोळ्यांनी पाहून दिलेला निर्वाळा आम्ही मान्य करणार नाही.

आपले,
फोटो एडिटिंग वर्गाचे संचालक व शिक्षक
सदाशिव पेठ, पुणे