खांबाचं एवढ्यात ठरवू नका

ती. आई-बाबा, सा. नमस्कार,

माजघराचे खांब काढायचं म्हणताय, त्याबद्दल बोलायचंय, पण फोनवर निम्मा वेळ "ऐकू येतंय का"मध्येच जातो म्हणून टाइप करतेय, दादाला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

गेल्या आठवड्यात उर्नेसला जाऊन आले. इथलं, म्हणजे नॉर्वेतलं, लाकडी चर्च, ११३० च्या आसपासचं, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्याही आधीचं! सोल्व्होर्न गावाहून सुटणारी पहिली फेरीबोट माझ्या डोळ्यांदेखत सुटली (चूक माझीच, कॉफी घेत बसले), दुसरीने पलीकडे गेले आणि मग चढण, आई, तू असतीस तर दर वळणावर टेकली असतीस. बाहेरून काळंकुट्ट, कारण पाइनचं डांबर फासतात, उन्हात त्याचा धुरकट वास येतो. उत्तरेच्या भिंतीवरचं कोरीवकाम त्याहून जुनं, आधीच्या चर्चचं काढून इथे बसवलेलं, एक सडपातळ जनावर सापाला चावतंय आणि साप त्याला, कोण कोणाला गिळतंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण बाबा, मुद्दा वेगळाच आहे. आधीच्या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले होते, असे खांब खालून कुजायचे. मग लोकांनी दगडाचा पाया घेतला, त्यावर जाड आडवी तुळई टाकली आणि खांब तिच्यावर उभे केले. अहो, म्हणजे आपल्या खांबाखालचा दगड, तळखडाच की! लाकडाला ओल लागू द्यायची नाही, एवढंच. अशी चर्चेस देशात आता २८ च उरलीयत, उर्नेस १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

त्याच वर्षी आमच्या बर्गन शहरातलं ब्रिगेनही यादीत आलं, बंदरावरची जुन्या जर्मन व्यापाऱ्यांची लाकडी घरं. हे बरेचदा जळलंय, १७०२ ला जवळजवळ सगळं, १९५५ ला परत काही भाग. आग नको म्हणून व्यापारी तिथे चूलसुद्धा पेटवायचे नाहीत, आणि इथली थंडी! ५५ च्या आगीनंतर खणताना अक्षरं कोरलेल्या जुन्या काठ्यांचा ढीग सापडला, सहाशेच्या वर. एकीवर लिहिलंय, ग्युदा म्हणते घरी ये. नवरा बहुतेक गुत्त्यात बसलेला असणार. आई, मला पारावर निरोप घेऊन धावणारा आपला दादाच आठवला.

फ्योर्ड (डोंगरांमधल्या समुद्राच्या खाड्या) वगैरे पण बघितले, नॅरॉयफ्योर्ड एका जागी जेमतेम २५० मीटर रुंद आहे, फोटो ग्रुपवर टाकलेत.

तर माजघराचे खांब काढून स्लॅब टाकायला मी दिवाळीला येईपर्यंत होकार देऊ नका, प्लीज. तळखड्याच्या वर चार बोटं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत जातो का. आणि फोटो पाठवा, मागच्या वेळी नुसता तुमचा अंगठाच आला होता.

तुमची,
छकुली