आग्या मोहोळाचा मध काढावा, मोहोळ जाळू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या तोंडावर आग्या मोहोळ उठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. शिवनेरीसारखे गड असोत, शहरातल्या पाण्याच्या टाक्या असोत किंवा उंच इमारतींचे सज्जे असोत, माश्यांनी माणसांना जखमी केले की चारदोन दिवसांत तिथली पोळी औषध फवारून किंवा जाळून नष्ट केली जातात. रानात मध काढणारेही अनेक ठिकाणी आजवर हेच करत आले आहेत. या दोन्ही प्रकारांना वेळीच आळा बसावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आग्या माशी चिडखोर आहे हे खरे. पण ती विनाकारण उठत नाही. तिचे पोळे सातेरी या पेटीत पाळता येणाऱ्या मधमाशीसारखे ढोलीत लपलेले नसून फांदीला किंवा कड्याला उघड्यावर लटकलेले असते, त्यामुळे ते राखण्यासाठी हजारो माश्यांची एकजूट हाच तिचा एकमेव आधार. मोहोळ घारीने झडप घातली, कोणी दगड मारला किंवा खाली धूर झाला की पहिल्या काही माश्या डंख करतात. त्या डंखातून पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो वास म्हणजे बाकीच्यांना हल्ल्याची हाक असते. काटा कातडीत रुतून राहतो आणि वास येतच राहतो, म्हणून एक डंख झाला की तिथे न थांबता दूर जाणे आणि काटा ताबडतोब खरवडून काढणे आवश्यक असते. गडावर जाणाऱ्यांना एवढी माहिती पायथ्याशी फलकावर मिळाली, तरी अनेक अपघात टळतील.

ही माशी पेटीत राहत नाही. सातेरीची रानातली वसाहत पकडून पेटीत भरता येते, महाबळेश्वर भागातील मधपाळांनी ते वर्षानुवर्षे केले आहे. आग्या माशीचा मध मात्र रानातूनच काढावा लागतो. त्यामुळे तो काढावा की नाही यापेक्षा कसा काढावा, याचा विचार अधिक गरजेचा आहे.

या माशीचे पोळे एकच आणि मोठे असते. वरच्या बाजूला, फांदीलगत एका कडेला मधाचा जाड भाग असतो, तर त्याखालच्या पातळ भागात अंडी, अळ्या आणि कोष असतात. रात्री पेटता पलिता लावून सगळे पोळे उतरवले की माश्या होरपळतात, राणीमाशी मरू शकते, पिल्लावळ तर हमखास जाते. शिवाय अळ्यांसकट पिळलेला मध गढूळ निघतो व लवकर आंबतो. याउलट दिवसा, जाळीचा टोप व जाड पोशाख घालून, बेताचा धूर देऊन फक्त मधाचा भाग कापून दोरीने बादलीत उतरवला, तर माश्या अळ्यांच्या भागावर परत बसतात आणि फुलोरा असेल तर त्याच जागी पुन्हा मध भरतात. आग्या माश्या ऋतूनुसार स्थलांतर करतात आणि वर्षानुवर्षे त्याच झाडांवर, त्याच कड्यांवर परततात, हे लक्षात घेतले तर जाळलेल्या पोळ्याचे नुकसान एका हंगामापुरते राहत नाही, हे उघड आहे.

शेतकऱ्यांचाही यात थेट संबंध आहे. जालना, बुलढाणा भागात कांद्याचे बियाणे घेणाऱ्यांना विचारावे. कांद्याच्या गोंड्यांवर आणि सूर्यफुलावर या माश्या किती काम करतात, ते त्यांच्याइतके दुसरे कोण सांगणार?

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाने 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर येथून ‘मधाचे गाव’ ही योजना सुरू केली, ती स्तुत्य आहे. पण अशा योजनांचा भर स्वाभाविकपणे पेट्यांवर राहतो. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिच्या मदतीने मेळघाटातील कोरकू व अन्य वनवासी मध काढणाऱ्यांना पोशाख, दोर आणि प्रशिक्षण मिळावे आणि शहरातील पोळी हलवण्याचे काम कीटकनाशक फवारणाऱ्यांऐवजी याच प्रशिक्षित लोकांना मोबदला देऊन सोपवावे.

दुसरी सूचना भावाबाबत आहे. आग्या मोहोळाच्या मधात पाण्याचे प्रमाण बहुधा जास्त असते, तर अन्नसुरक्षा मानकांप्रमाणे मधातील पाणी 20 टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. घाईने काढलेल्या कच्च्या मधात ते आणखी वाढते. खरेदी करणारे पिळलेल्या आणि स्वच्छ कापून, गाळून आणलेल्या मधाला एकच भाव देत राहिले, तर जीव धोक्यात घालून काळजीपूर्वक काढणाऱ्याला त्याचा लाभ काय? माश्यांनी मेणाचे झाकण घातलेल्या पक्व मधाला जादा दर मिळालाच पाहिजे.

वनहक्क कायदा, 2006 नुसार मध व मेण हे गौण वनोपज आहे आणि ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क पात्र वनवासींना आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्या ग्रामसभांनी पलिता वापरायचा नाही आणि अळ्यांच्या भागाला सुरी लावायची नाही, असे दोन नियम येत्या हंगामापूर्वी ठरावाने करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)