गाडी ठोकलेली होती का, हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दसरा-दिवाळी जवळ आली की जुन्या गाड्यांच्या जाहिरातींना ऊत येतो आणि प्रत्येक जाहिरातीत तीच टेप, फर्स्ट ओनर, शोरूम कंडिशन, नॉन ॲक्सिडेंटल. यातलं पहिलं खरं की खोटं ते सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दोन मिनिटांत कळतं, मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स-पीयूसी कधी संपतंय, सगळं दिसतं. दुसरं आपल्या डोळ्यांनी बघायचं. पण तिसऱ्याचं काय? ते ना ॲपवर असतं ना आरसी बुकात, म्हणजे ज्या गोष्टीवर गाडीची किंमत लाखभर रुपयांनी खाली-वर होते आणि घरातल्यांचा जीव अवलंबून असतो तिच्यासाठी विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, बाकी काही सोय नाही. याच विषयावर चार ओळी लिहितोय, जागा असेल तर छापा.

लोक गाडी बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक नेतात. तो बिचारा इंजिन ऐकतो, धूर बघतो, क्लच दाबतो, एक चक्कर मारतो आणि म्हणतो गाडी मस्त आहे घ्या. पण ठोकलेली गाडी पत्र्यात पकडायची असते, तेव्हा न्यायचाच असेल तर डेंटिंगवाला न्या. तो आधी बॉनेट उघडून फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे बोल्ट बघेल. कंपनीत लावलेल्या बोल्टवर रंगाचा थर सलग असतो, एकदा का पाना लागला की डोक्याच्या कडेचा रंग उडतो, आणि वरून परत रंग मारला असेल तर तोही लगेच ओळखू येतो. मग तो दाराचं रबर खाली ओढून पिलर, म्हणजे छत धरणारा दाराशेजारचा खांब बघेल. कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके गोल, एकसारखे, ठराविक अंतरावर असतात. तिथे वेडेवाकडे ठिपके असतील किंवा ठिपकेच गायब होऊन सगळं गुळगुळीत झालं असेल तर तिथे लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरलीय समजा. बंपर नि फेंडर बदलले असतील तर त्याचं काही वाटून घेऊ नका, आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये ते चालतंच, त्यासाठी चांगली गाडी सोडू नये. पिलर, एप्रन (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा), चेसिस इथे काम झालं असेल तर मात्र फुकट दिली तरी नको, कारण पुढच्या ठोकरीत तो पत्रा मूळच्यासारखा मार झेलेलच असं नाही.

मागच्या महिन्यात भाच्यासाठी एक हॅचबॅक बघायला गेलो होतो, डीलरने सांगितलं काका फक्त मागच्या बंपरला टचअप आहे. डिकीतलं कार्पेट उचललं, स्टेपनी बाहेर काढली, तर खालच्या पत्र्याला सरळ चुण्या पडलेल्या आणि त्यावर काळा अंडरकोट फासलेला. विचारलं तर म्हणतो आजकाल एवढं कोण बघतं. बरोबरच आहे त्याचं, कोणी बघत नाही म्हणून तर विकल्या जातात.

आता रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास भरतो, परत रंगवलेल्या पत्र्यावर आकडा 200-300 वर जातो आणि लांबी असेल तर 500 च्या पुढे. बंपर प्लास्टिकचा, तिथे हे मीटर चालत नाही. काचांवरचा कंपनीचा शिक्का आणि साल पण बघा, सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच नवी असेल तर का बदलली ते विचारा (दगड लागूनही फुटते, लगेच भांडायला उठू नका). चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, आणि आत एअरबॅग आहे की रिकामी जागा ते देवालाच माहीत.

पण माझं मत विचाराल तर या सगळ्यापेक्षा एक कागद जास्त बोलतो आणि तो बघायला कोणाला सुचत नाही. चालू इन्शुरन्स पॉलिसीवर नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची टक्केवारी लिहिलेली असते. क्लेमशिवाय एक वर्ष गेलं तर 20, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के, मध्ये क्लेम घेतला की परत शून्य. म्हणजे 2019 ची गाडी, पहिलाच मालक, आणि 2025 च्या पॉलिसीवर बोनस 25 टक्के, तर हिशोब सरळ आहे, मागची दोनच वर्षं बिनक्लेमची, त्याच्या आधीच्या वर्षी काहीतरी झालंय. मग विचारायचं काय झालं होतं, बिल दाखवा. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या गाडीत हे गणित तितकं चालत नाही, पॉलिसी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ बंद पडली असेल तरी बोनस जातो, आणि बोनस वाचवायचं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर क्लेम झाकला जातो. तरी विकणारा पॉलिसी दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथून उठा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची हिस्ट्री पण मालकाला सोबत नेऊन काढून घ्या, त्यात बॉडीशॉपच्या एन्ट्र्या असतात, फक्त रोखीत बाहेरच्या गॅरेजला केलेलं काम यातल्या कुठेच सापडत नाही.

आमच्या सांगली-मिरज भागात आणखी एक भानगड आहे ती पुराची. 2019 ला बुडालो, 2021 च्या जुलैत परत, त्याच वेळी चिपळूणही गेलं. बुडालेल्या गाड्या इथे कोण घेणार, त्या धुऊन वाळवून लांबच्या गावाला जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गुंडाळलेल्या भागावर गाळाचा डाग राहतो. सीटखालच्या पट्ट्या आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेले असतील तर एसी, सेंट्रल लॉक, एअरबॅग यांची वायरिंग आज ना उद्या दगा देणारच.

आता मूळ तक्रार. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की इन्शुरन्स कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा भंगार खरेदी करणाऱ्याकडे जातो, बऱ्याचदा आरसीसकट. पुढे तीच गाडी उभी करून रस्त्यावर येते, नाहीतर तिचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढतो, अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या येतातच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 मध्ये गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असं आहे, पण टोटल लॉस हा पैशाचा हिशोब, निकामी झाली असं कोण म्हणणार, म्हणून नोंदणी जिवंतच राहते. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचा नियम आला, गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना द्यायची सोय आली, चांगलंच झालं, पण त्यात गाडीला मार किती लागला होता हे डीलरने लिहून द्यावं असं कुठे नाही. इंग्लंडमध्ये नंबर टाकला की गाडीच्या दरवर्षीच्या तपासणीचा निकाल कोणालाही फुकट दिसतो, आणि इन्शुरन्सवाल्यांनी मोडीत काढलेल्या गाडीला 2017 पासून एस, एन असे शिक्के आहेत, एस म्हणजे सांगाड्याला मार. आपल्याकडे क्लेमची नोंद इन्शुरन्स कंपनीत आहे, अपघाताची पोलिसांकडे आहे, आरटीओचा इन्स्पेक्टर अपघातातली गाडी तपासून रिपोर्टही देतो. सगळं कुठे ना कुठे कॉम्प्युटरमध्ये आहे, फक्त पैसे मोजणाऱ्याला दाखवायचं नाही.

परिवहन खात्याने निदान एवढं करावं, टोटल लॉस झालेल्या गाडीची खूण वाहन पोर्टलवर आणि आरसीवर टाकावी आणि नाव बदलायच्या फॉर्म 29-30 सोबत विकणाऱ्याकडून अपघाताबद्दल सहीचं निवेदन घ्यावं. तोवर आपल्या वाचकांनी व्यवहाराच्या स्टँप पेपरवर गाडीला मोठा अपघात नाही, पुरात बुडालेली नाही हे वाक्य लिहून घ्यावं आणि खाली सही घ्यावी, म्हणजे उद्या ग्राहक आयोगात डीलरविरुद्ध जायची वेळ आली तर हातात काहीतरी राहील.

आपला,
एक वाचक, मिरज