आधी तारखा, मग हकिगत

आदरणीय शिरस्तेदार साहेब,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतरही दर शनिवारी बसून तुम्ही विधी सेवेच्या, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या, नव्या वकिलांना दोषारोपपत्र वाचायला शिकवता, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. उघडपणे लिहितोय, कारण तुमची पद्धत मुंबईबाहेरच्या बार रूममध्येही पोचायला हवी.

तुमचा पहिला नियम, हकिगत नंतर. आधी तारखा काढा. एफआयआर किती वाजता नोंदला, त्याची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे कधी पोचली, अटक कधी, जप्ती कधी, मुद्देमाल कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कधी गेला. शर्ट 4 तारखेला जप्त झाला आणि 15 तारखेला रवाना झाला, तर मधले अकरा दिवस तो कुठे होता? मुद्देमाल रजिस्टरची नोंद, लेबलवर पंचांच्या सह्या, लाखेच्या सीलचा नमुना, माल नेणाऱ्या हवालदाराचा जबाब. यातलं एखादं गायब असेल, तर सी.ए. रिपोर्टमधलं (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातलं) ‘मानवी रक्त’ त्याच शर्टावरचं कशावरून? पंचाचं नाव त्याच ठाण्याच्या आणखी दोन खटल्यांत दिसलं, की पेन्सिलीने गोल. (पोलिसांच्या अशा ठरलेल्या पंचासाठीचा ‘स्टॉक पंच’ हा शब्द तुम्ही कधी हसत उच्चारला नाहीत.)

ओळख परेडच्या पानावर तुम्ही सर्वांत जास्त रेंगाळता. उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका संशयितासाठी किमान सहा जण, दोघांसाठी दहा-बारा, दिसायला मिळतेजुळते. आकडा बहुधा बरोबरच भरतो. घोळ त्याआधी झालेला असतो: साक्षीदाराला संशयित लॉकअपमध्ये नाहीतर फोटोत दाखवलेला असतो, आणि परेडमध्ये तो तोच फोटो ओळखतो.

उलटंही होतं. नाशिकच्या 2003 च्या खटल्यात प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या अल्बममधून चौघांना ओळखलं होतं. त्यांचा तपास झालाच नाही; उभे केले गेले भटक्या जमातीतले दुसरेच सहा जण. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली, आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला लावले.

अशा निर्दोष सुटकांचा आढावा घ्यायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर 7 जानेवारी 2014 चाच आहे: प्रत्येक राज्याच्या गृह खात्याने पोलीस आणि अभियोग अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमावी, प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणं नोंदवावीत, चुकांचे धडे प्रशिक्षणात घ्यावेत, दोषी अधिकाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई करावी. पण असा आढावा घेणाऱ्याची नजर सहज ‘आरोपी सुटला कसा’ इकडे वळते. ‘हा माणूस आरोपी झालाच कसा’ हा रकाना तुम्ही दोषारोपपत्र तपासायच्या तुमच्या तक्त्यात सगळ्यात वर ठेवलात. आमच्या मते सरकारी नमुन्यातही तो तिथेच हवा.

खोट्या खटल्यात अडकलेल्यांच्या भरपाईचं काय सांगावं! विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात त्यासाठी विशेष न्यायालयं सुचवली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती नाहीत. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून मिळणारे जास्तीत जास्त 1000 रुपये मात्र जसेच्या तसे आहेत.

तक्त्याच्या नव्या प्रतीत एक रकाना वाढवलाय: ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण कधी मागितलं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2020 च्या आदेशाप्रमाणे ते 18 महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायचं असतं, त्यामुळे अर्ज पहिल्या रिमांडलाच जायला हवा. रकाना बरोबर जागी बसलाय का, तेवढं शनिवारी बघून द्या.

आपले,
मुंबईतले विधी सेवा वकील