जुना कॅट परत मागा आणि तो का गेला तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडीच्या देखभालीबद्दल पेपरात बरंच छापून येतं, टायर, बॅटरी, ऑइल सगळं असतं, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल, म्हणजे इंजिनचा विषारी धूर साफ करणाऱ्या एक्झॉस्टच्या पाईपमधल्या डब्याबद्दल, कोणी लिहित नाही आणि ज्याला त्याचं बिल येतं त्याच्या पोटात गोळा येतो. माझ्या पेट्रोल गाडीचा कॅट (गॅरेजमधे सगळे कॅटच म्हणतात) एका वर्षात दोनदा बदलावा लागला. दुसरा खर्च पूर्णपणे टाळता आला असता. तो का टळला नाही हे बाकीच्यांना कळावं म्हणून हे पत्र.

झालं असं की चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून गाडी गॅरेजला नेली, त्यांनी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, पी ०४२० कोड आला, लगेच म्हणाले कॅट गेलाय, बदलावा लागेल. आकडा ऐकून मी दोन दिवस झोपलो नाही, पण गाडी रोजची गरज, शेवटी सेव्हिंगमधले पैसे काढले आणि बदलला. दिवा गेला, मी पण निर्धास्त. सात महिन्यांनी गाडीचा पिकअपच गेला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी पुढे जाईना. या वेळी दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो, वयस्कर माणूस, त्यांनी स्कॅनर नंतर काढला, आधी गाडीखाली गेले आणि कॅटवर रबरी हातोडीने हलकेच टकटक केलं. आत खुळखुळ्यासारखा आवाज. मग तो खोलून टॉर्च मारून मला दाखवला. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते, तिचा अर्धा भाग वितळून एक चकचकीत गोळा झाला होता आणि बाकीचे तुकडे सुटे पडले होते. धूर जायला वाटच नव्हती. सात महिन्यांचा नवा पार्ट!

मग त्यांनी प्लग काढले. तीन नंबरच्या सिलिंडरचा प्लग काळाकुट्ट आणि पेट्रोलने ओला, त्याची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) मेलेली. गाडी मिसिंग करत होती, म्हणजे त्या सिलिंडरमधे पेट्रोल नीट पेटतच नव्हतं, यालाच मिसफायर म्हणतात. आणि खरं सांगतो, मला ते जाणवत होतं, सिग्नलला उभी असली की गाडी थरथरायची, चढावर दिवा नुसता लागायचा नाही तर लुकलुकायचा, पण मला वाटलं जुनी गाडी, चालायचंच. घरी येऊन पहिल्या वेळचा स्कॅनचा कागद फाईलमधून काढला तर पी ०४२० च्या खालीच दुसरा कोड छापलेला, पी ०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमधे मिसफायर. कारण त्याच कागदावर लिहिलेलं होतं आणि ते कोणी वाचलं नाही, मी पण नाही. कॉइलची किंमत कॅटच्या मानाने किरकोळ असते, हे आठवलं की अजून जीव जळतो.

हे का होतं ते त्या मेकॅनिकने नीट समजावलं. सिलिंडरमधे न जळलेलं पेट्रोल तसंच पुढे कॅटमधे जातं आणि तिथे जळतं. कॅटला काम करायला साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस उष्णता लागतेच, पण कच्चं पेट्रोल आत पेटलं की तापमान हजाराच्या वर जातं आणि सिरॅमिकची जाळी वितळायला लागते. लुकलुकणारा दिवा त्याचसाठी असतो, मिसफायर इतका जोरात आहे की कॅट खराब होईल, गाडी हळू करा, थांबवा. स्थिर दिव्याला एखादा दिवस चालतं, लुकलुकणाऱ्याला नाही. इंजिन ऑइल पीत असेल किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) कूलंट आत जात असेल तरी कॅट मरतो, फक्त हळूहळू, त्यातले पदार्थ जाळीवर थर धरतात. थोडक्यात कॅट बहुतेक वेळा आपला आपण मरत नाही, त्याला इंजिन मारतं.

आणि पी ०४२० चा अर्थ एवढाच की कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) पुढच्या सेन्सरसारखंच वरखाली रीडिंग दाखवतोय. कॅट ठीक असेल तर मागचं रीडिंग बऱ्यापैकी स्थिर असतं. पण एक्झॉस्टचा पाईप कुठे लीक असेल किंवा सेन्सरच म्हातारा झाला असेल तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून पैसे मोजायच्या आधी लीक बघा, दोन्ही सेन्सरची रीडिंग स्कॅनरवर चालू गाडीत बघा, मिसफायरचे कोड बघा. आणि वॉरंटीचा कागद काढून वाचा, काही ठिकाणी कॅटला बाकी गाडीपेक्षा जास्त वर्षं वॉरंटी असते आणि ते कोणी आपणहून सांगत नाही.

महाग का, तर जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो. एका कॅटमधे हे धातू काही ग्रॅमच असतात, पण त्यावर सगळा खेळ आहे. ऱ्होडियम जगात मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येतं, तेही प्लॅटिनमच्या खाणकामात सोबत निघतं तेवढंच, आणि २०२१ मधे त्याचा भाव आजवरच्या उच्चांकावर गेला होता. कॅटच्या चोऱ्या होतात त्या यामुळेच. म्हणजे तुमचा मेलेला कॅटसुद्धा भंगार नाही, त्याला पैसे येतात, आणि पहिल्या वेळी माझा जुना पार्ट गॅरेजमधेच राहिला, मला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या वेळी मी आधीच बोललो, त्याची किंमत बिलातून वजा झाली, फार नाही पण मजुरी सुटली. स्वस्त डुप्लिकेट कॅटमधे हेच धातू कमी घातलेले असतात, त्यामुळे तो लवकर दमतो आणि दिवा परत येतो, तो घ्यायचाच असेल तर किती महिन्यांची गॅरंटी ते लेखी घ्या.

एकाने मला सांगितलं होतं की आतली जाळी फोडून टाक, नुसता डबा ठेव, कोणाला कळतंय. मी नाही केलं. ती जाळी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तोडते, ती नसेल तर माझ्या गाडीमागे दुचाकीवर पोराला घेऊन बसलेल्या माणसाच्या नाकात ते सगळं जाणार, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वाससुद्धा नसतो. पैसे कितीही वाचत असले तरी हे मला पटत नाही. वर मागचा सेन्सर बोंब मारणार ते वेगळंच.

माझं गॅरेजवाल्यांना एकच मागणं आहे. कॅट बदलला की बिलावर एक ओळ लिहा, जुना का गेला आणि ते कारण दुरुस्त केलं की नाही, आणि जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवून त्याला हवाय का ते विचारा. वाचकांपैकी कोणाला कॅट बदलायला सांगितलं असेल तर स्कॅनचा पूर्ण कागद मागून घ्या आणि त्यावर पी ०३०० ते पी ०३१२ मधला, म्हणजे मिसफायरचा, एखादा कोड दिसतोय का बघा, दिसला तर आधी प्लग आणि कॉइल तपासून घ्या, कॅट नंतर.

आपला,
एक नियमित वाचक