पद्धत ठरवण्याआधी कामाचे भाग पाडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एखादी मोठी संगणकीय प्रणाली रखडली किंवा पहिल्याच दिवशी कोलमडली की चर्चा सर्व्हरची क्षमता आणि कंत्राटदाराची लायकी या दोनच गोष्टींभोवती फिरते. ही प्रणाली कोणत्या पद्धतीने बांधायची हे कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर ठरवले, हे कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी ते सवयीने ठरते, नाहीतर चालू हवा पाहून. निविदेत ‘अ‍ॅजाइल पद्धतीने काम अपेक्षित’ एवढी ओळ टाकली (म्हणजे छोट्या-छोट्या फेऱ्यांत, मध्ये बदल करत बांधायचे) की विषय संपतो. नुकसानीची सुरुवात तिथूनच होते असे आमचे स्पष्ट मत आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ज्याला वॉटरफॉल म्हणतात त्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीचे मूळ विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या निबंधात सांगितले जाते. पण आधी सगळ्या गरजा, मग आराखडा, मग कोड आणि चाचणी सर्वांत शेवटी, हा क्रम धोक्याचा आहे, असे त्याच निबंधात रॉइस यांनी बजावले होते. प्रणाली नव्या प्रकारची असेल तर आधी लहान स्वरूपात एकदा बांधून पाहा, असा त्यांचा सल्ला होता. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडला. दुसऱ्या बाजूला, 2001 मध्ये 17 जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्याचेही पुढे असेच झाले. रोजची उभ्याने बैठक आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या सगळीकडे आल्या, पण दर काही आठवड्यांनी चालणारे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती द्यायचे, हा मूळ मुद्दा मागे पडला.

अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेचे उदाहरण नेहमी दिले जाते. ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही त्यांची तपास-प्रकरणांच्या नोंदींची प्रणाली सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून 2005 मध्ये सोडून द्यावी लागली. तिच्या जागी आलेली ‘सेंटिनेल’ही रखडली. मग 2010 मध्ये संस्थेने काम स्वतःकडे घेतले, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट (ठरावीक मुदतीच्या कामाच्या फेऱ्या) सुरू केले आणि 2012 मध्ये प्रणाली वापरात आली. यातून ‘अ‍ॅजाइल जिंकले’ एवढाच निष्कर्ष काढला जातो. तो अर्धवट आहे. स्प्रिंट सुरू झाले तेव्हा गरजांचा तपशीलवार दस्तऐवज तयार होता आणि कामांची यादी त्यातूनच पाडली गेली. आधीचे कागदावरचे काम नसते तर तोच वेग मिळाला असता, असे आम्हाला वाटत नाही.

आमचे म्हणणे असे, की संपूर्ण प्रणालीला एकच पद्धत लावू नये. आधी तिचे भाग पाडावेत आणि प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारावेत. याच्या गरजा काम चालू असताना किती बदलतील? आणि चूक झाली तर ती मागे घेता येईल का? निवृत्तिवेतन देणाऱ्या प्रणालीचेच घ्या. अर्ज भरण्याचे स्क्रीन कसे असावेत हे वापरणाऱ्यांसमोर ठेवल्याशिवाय कळत नाही आणि चुकले तर आठवड्यात बदलता येते. तिथे दोन आठवड्यांचे स्प्रिंटच हवेत. वेतन काढण्याचे सूत्र मात्र नियमात ठरलेले असते. तिथे चर्चा करत शिकण्यासारखे फारसे नसते. जुनी, गुंतागुंतीची शे-दोनशे प्रकरणे हाताने सोडवून उत्तरांचा तक्ता करावा आणि कोडची प्रत्येक आवृत्ती त्या तक्त्यावर आपोआप तपासली जावी. बँकेशी जोडणी असेल तर तारखा दुसऱ्याच्या हातात असतात, म्हणून देवाणघेवाणीचा फॉरमॅट लेखी पक्का करून खोट्या, म्हणजे आपणच नमुन्यादाखल बनवलेल्या, प्रतिसादांवर काम आधीच सुरू करावे.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे जुना डेटा नव्या प्रणालीत आणणे. इथे ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू’ चालत नाही. जुन्या नोंदी उघडल्या की काय दिसते? जन्मतारीख माहीत नव्हती म्हणून शेकडो जणांना टाकलेली 01-01-1900, एकाच माणसाच्या नावाची तीन स्पेलिंग, रकमेच्या रकान्यात लिहिलेले शेरे. त्यामुळे या स्थलांतराच्या, म्हणजे मायग्रेशनच्या, किमान तीन पूर्ण रंगीत तालमी हव्यात, त्याही खऱ्या डेटाच्या पूर्ण आकाराच्या प्रतीवर. दर तालमीनंतर नोंदींची संख्या, रकमांची एकूण बेरीज आणि नमुन्याची काही खाती जुन्या-नव्याशी ताडून पाहावीत. प्रत्यक्ष बदलाच्या दिवसाचे वेळापत्रक तासागणिक लिहावे आणि ‘या तासापर्यंत बेरीज जुळली नाही तर जुन्या प्रणालीवर परत’ ही रेषा आधीच आखावी. रात्री तीन वाजता, सगळे थकलेले असताना, हा निर्णय नव्याने घ्यायची वेळ आली तर तो बहुधा चुकतो. हे काम टप्प्याटप्प्यानेच करायचे असते आणि त्यात काही जुनाटपणा नाही.

दुसरा अडथळा माणसांचा. स्क्रम या स्प्रिंटवर चालणाऱ्या पद्धतीच्या नियमांनुसार टीम साधारण 10 किंवा त्याहून कमी जणांची, स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा आणि रोजची बैठक 15 मिनिटांची. हे सगळे सहज पाळता येते. जमत नाही ते प्रॉडक्ट ओनर देणे. कोणते काम आधी, कोणते नकोच, हे सांगण्याचा अधिकार असलेला आणि रोज भेटणारा माणूस ग्राहक संस्थेने द्यावा लागतो. पंधरवड्यातून तासभर डेमो पाहणारा वरिष्ठ अधिकारी हे काम करू शकत नाही. मग टीम अंदाजाने निर्णय घेते आणि तिसऱ्या महिन्यात ‘आम्हाला हे नको होते’ असे ऐकते. असा माणूस देता येणार नसेल तर स्क्रम निवडूच नये. लेखी गरजा आणि टप्प्यागणिक मंजुरी हाच त्यापेक्षा प्रामाणिक मार्ग. चाचणीचेही तसेच. दोन आठवड्यांत कामाचे दहा दिवस असतात. जुने सगळे चालू आहे ना, हे हाताने तपासायला सुरुवातीला एक दिवस लागतो आणि प्रणाली वाढेल तसे चार-पाच दिवस जातात. पहिल्या स्प्रिंटपासून स्वयंचलित चाचण्या नसतील तर वेग आपोआप निम्म्यावर येतो.

प्रणाली चालू झाल्यानंतरच्या देखभालीला स्प्रिंटही सोयीचे नाहीत, कारण तक्रारी वेळापत्रक पाहून येत नाहीत. तिथे कानबान (कामे फलकावर मांडून एकेक पुढे सरकवण्याची पद्धत) बरे, पण हातातल्या कामांवर मर्यादा घालणार असाल तरच. हिशोब सरळ आहे: एका वेळी 24 कामे हातात असतील आणि आठवड्याला 3 पूर्ण होत असतील, तर एक काम सरासरी 8 आठवडे पडून राहते. तोच वेग ठेवून हातातली कामे 9 वर आणली तर 3 आठवडे. माणसे न वाढवता हे साधते.

विमान किंवा वैद्यकीय उपकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गरजेपासून तिच्या चाचणीपर्यंतचा माग दाखवावा लागतो. छोट्या फेऱ्यांना तिथे बंदी नाही, पण माग तुटता कामा नये.

आता कराराकडे येतो, कारण पद्धत खरी ठरते ती तिथे. किंमत आणि कामाची यादी दोन्ही गोठवून वर ‘अ‍ॅजाइल’ लिहिले की यादीतला प्रत्येक बदल चेंज रिक्वेस्ट (कराराबाहेरच्या बदलाची वेगळी मागणी) होतो आणि त्यावर घासाघीस सुरू होते. दस्तऐवजावर बिल निघत असेल तर दस्तऐवजच तयार होतात. त्याऐवजी टीमचा आकार आणि तिमाहीचा खर्च पक्का करावा, कामाचा क्रम मोकळा ठेवावा आणि ‘काम पूर्ण’ म्हणजे काय हे करारातच लिहावे: चाचण्या पास, सुरक्षा तपासणी झालेली, चाचणी सर्व्हरवर चालते आहे, वापरणाऱ्याने हाताळून पाहिले आहे. प्रत्येक तिमाहीअखेर थांबण्याचा हक्क दोन्ही बाजूंना हवा. सूत्र आणि मायग्रेशनसारख्या ठरलेल्या भागांना मात्र निश्चित किंमत लावायला हरकत नाही.

आणि मोठा करार करण्यापूर्वी सहा ते आठ आठवड्यांचे एक छोटे काम द्यावे. त्यात प्रणालीचा सर्वांत धोक्याचा धागा आरपार बांधून घ्यावा, म्हणजे एक अर्ज, एक हिशोब, बँकेकडे जाणारा एक खरा संदेश आणि जुन्या डेटातल्या हजारभर नोंदी. सादरीकरणात जे कळत नाही ते इथे कळते. या कामाचा कोड पहिल्या दिवसापासून ग्राहक संस्थेच्या स्वतःच्या खात्यात साठवला जावा. कंत्राटदाराकडून तो नंतर मागून घेऊ, असे ठरवू नये. हे कलम मूळ निविदेतच असायला हवे.

आपले,
माहिती प्रणालींच्या क्षेत्रात काम करणारे दोन वाचक